आत्याचा खुबा

आत्या मोडलेली हाडं बसवायची, म्हणून गाव तिला हाडकी म्हणायचं. तिला सगळ्याची किळस यायची, हाडांची सोडून. दुसऱ्याच्या तांब्यातलं पाणी ती पीत नसे. एसटीत नाकाला पदर, पंगतीत पत्रावळ दोनदा धुवून. पण कोकराचा पाय मोडला की शेणारक्तात कोपरापर्यंत हात घालायची. कामट्या बांधल्या की म्हणायची, "आता चालव त्याला. काम नाय दिलं तर हाड रुसतंय."

सातवीनंतर माझी शाळा सुटली, तेव्हा आमच्या गावात, निरगुडसरला, मला कुणी विचारत नव्हतं. आत्यानं मेंढरांमागं नेलं. सांधा कसा बसतो ते दाखवायला मेलेल्या मेंढीचं हाड माझ्याकडून सोलून घेतलं. मला ओकारी झाली. "ओकून घे, मग परत धर," एवढंच म्हणाली. त्या शिकवणीवर आज मी चेन्नईत पोट भरते. तिचे उपकार फिटायचे नाहीत.

इथं कॉलेजच्या प्रयोगशाळेत मेंढ्यांची हाडं खरवडून साफ करायचं माझं काम. वास केसांतून जात नाही. हाडाचा सीटी स्कॅन काढतात, त्यावरून कॉम्प्युटरात तसंच हाड उभं करतात आणि ते किती वजनाला मोडेल ते काढतात. मग खरं हाड यंत्रात दाबून मोडायचं आणि ताडून बघायचं.

आत्याला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "चांगलं हाड मोडून बघत्यात? शी! कसली गं ही मानसं!"

"उद्या जित्या माणसाचं न मोडता सांगता यावं म्हणून, आत्या."

"मग माजं बघ. खुबा लई दुखतोय."

आत्याच्या मुलानं, दादानं, आळेफाट्याला स्कॅन काढून पाठवला. मी प्रयोगशाळेतल्या सरांच्या हातापाया पडले, तेव्हा त्यांनी तो कॉम्प्युटरात घातला. पडद्यावर आत्याचा खुबा निळा होता, फक्त हाडाच्या मानेपाशी, जिथं ते आधी मोडेल तिथं, लालभडक. सर म्हणाले, कुशीवर पडल्या तर हे हाड टिकणार नाही. ओझं आणि चढ बंद. आणि सपाटीवर रोज चालायलाच हवं.

तो लाल रंग बघूनच मी दादाला फोन लावला. हाड टिकणार नाही, ओझं आणि चढ बंद, एवढंच सांगितलं. वर माझ्या पदरचं घातलं, "दादा, तिला उठूच देऊ नको."

चार महिन्यांनी गावी गेले. खोलीच्या दारातच वासानं नाकाला हात गेला. पाठीला जखमा, त्यावर माश्या, खाटेखाली भांडं. आत्या भिंतीकडं तोंड करून पडलेली. दादा अभिमानानं म्हणाला, "येकदा बी पाय खाली टेकू दिला न्हाई!" त्याची शिसारी आली. मग लक्षात आलं, त्यानं माझंच ऐकलं होतं.

तो बाहेर गेल्यावर म्हणाले, "आत्या, सर चालायलाही सांगत होते. मी सांगितलंच नाही."

"भ्यालीस व्हय?"

"हो."

तिनं डोळे मिटले. "सायबाला सांग तुज्या, हाड लई जपलं म्हनावं."

आठवड्यानं ती गेली, छातीत कफ भरून. खुबा शेवटपर्यंत मोडला नाही.

परवा सरांनी विचारलं, आत्या चालते ना रोज? मी हो म्हणाले, आणि पुढचं हाड खरवडायला घेतलं.