अक्षदाचा मॉलिक्यूल

नारायणगावच्या पट्ट्यात औषध म्हटलं की आधी बागेचं औषध आठवतं, माणसाचं नंतर. द्राक्षावरच्या डावणीचं, भुरीचं, करप्याचं. दर छाटणीला कृषी सेवा केंद्राचा दुकानदार काउंटरवर नवी बाटली ठेवतो आणि म्हणतो, "भाऊ, जुनं आता लागू पडत नाय. हा नवीन मॉलिक्यूल आलाय." शेतकरी ती घेतो, कारण बरेचदा ते खरंच असतं. म्हणून अक्षदाला पुण्यात औषधांच्या संशोधनात नोकरी लागली तेव्हा ती तिथे काय करणार हे घरी समजावून सांगायची वेळच आली नाही. तिच्या वडिलांनी, भगवंतअण्णांनी, दुकानात सांगून टाकलं, "आमची पोरगी मॉलिक्यूल बनवती." सगळ्यांना कळलं. निदान तसं सगळ्यांना वाटलं.

अक्षदा काही असामान्य वगैरे नव्हती. ओतूरला बीएस्सी, पुण्यात एमएस्सी, मग एका कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी. माणसाची प्रतिकारशक्ती कधीकधी पिसाळते आणि स्वतःच्याच सांध्यांवर उठते. पेशीच्या आतलं एक प्रथिन तिला तसा इशारा देत असतं. त्या प्रथिनाच्या खाचेत नेमका बसेल असा रेणू बनवायचा आणि इशारा दाबायचा, हे तिचं काम. दाबायचा, पण अगदी गळा आवळायचा नाही; नाहीतर सांधे बरे होतील आणि माणूस साध्या तापानं जाईल. रेणूचा एक कोपरा बदलायचा, पुन्हा बनवायचा, पुन्हा तपासायला द्यायचा. शेकडो बनवले, त्यातले बहुतेक कचऱ्यात गेले. या कामात मोठेपणा कमी आणि हातमोजे जास्त.

हेच काम तिनं का धरलं याचं कारण घरातच होतं. तिची आई सोनीबाई द्राक्षाच्या विरळणीत सगळ्या बायकांची म्होरकी. घडातले नको ते मणी कात्रीनं काढायचे आणि उरलेल्यांना धक्का लावायचा नाही, यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पन्नाशीच्या आतच तिची बोटं सुजायला लागली. सकाळी मूठ मिटेना. पुण्याच्या सांधेवाताच्या डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची पिवळी गोळी दिली आणि पुढच्या हंगामाला सोनीबाई पुन्हा कात्री घेऊन मांडवाखाली उभी राहिली.

मग ती दिवाळी आली. अक्षदाच्या हातून एक रेणू असा निघाला की सुजवलेल्या पंजांचे उंदीर त्यानं चालायला लागले. त्या आनंदात ती घरी आली आणि फराळाच्या ताटावर भावकीसमोर म्हणाली, "आईची ती पिवळी गोळी आहे ना, आमचा रेणू तिच्यापेक्षा सरस निघाला. उंदरांत." शेवटचा शब्द तिनं गाळला नव्हता. पण तो कुणी मनावर घेतला नाही. बागायतदाराच्या हिशेबी आधी एका प्लॉटवर ट्रायल होते आणि पुढच्या छाटणीला बाटली दुकानात येते. उंदीर म्हणजे ट्रायलचा प्लॉट, एवढंच.

त्यानंतर तीन हंगाम गेले. यकृत तो रेणू लवकर तोडून टाकत होतं. जिथं तो तुटत होता तिथं अक्षदानं फ्लोरीनचा एक अणू बसवला. रेणू टिकला, आणि तेच नडलं. तो शरीरात साठत गेला आणि मोठ्या जनावरांच्या यकृताला सूज आली. यंदाच्या जानेवारीत वरिष्ठांनी अर्ध्या तासाच्या बैठकीत तो रेणूच नाही, अख्खा विभाग बंद केला. सगळे नमुने जाळायला पाठवले. अक्षदाला दुसऱ्या मजल्यावर जुन्याच गोळ्यांच्या नकला करायला बसवलं.

फेब्रुवारीत ती रजा काढून घरी आली. माल काढणीला आलेला, शेडमध्ये पॅकिंग चाललेलं. धाकटा भाऊ अमृत क्रेट मोजत होता. आणि आई उपड्या क्रेटवर नुसती बसलेली, हात पदराखाली. आईला नुसतं बसलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"आई, हात बघू."

"काय बघायचंय. हायेत जागच्या जागी."

ते जागच्या जागी नव्हते. बोटं मुळापासून करंगळीच्या बाजूला कललेली, मनगट आखडून लाकडासारखं. मागच्या दिवाळीत अक्षदानं सूज पाहिली होती. आई थंडीचं निमित्त सांगत होती आणि अक्षदा लॅपटॉपवर होती.

"पिवळी गोळी घेतेस ना?"

"सोडली."

"कधी?"

"लई दिस झाले. तूच म्हनली व्हतीस ना, तुमची सरस हाय."

"म्हणून असलेली सोडायची?"

सोनीबाई शांतपणे म्हणाली, "अगं, माल परदेशी द्यायचा असला की आमी आधी फवारनी बंद करतो का न्हाई? मालात औषधाचा रेसिड्यू घावला की कंटेनर परत. मग जुनं औषध अंगात असताना तुझं नवं घेतलं, आन् लागू पडलं न्हाई, तर नाव कुनाचं जाईल? तुझंच ना. म्हनलं, आपलं अंग मोकळं ठेवावं. पहिली गोळी आईनंच घ्यावी."

आईला वेडी ठरवायला जावं तर अक्षदाला ते जमेना. नव्या औषधाच्या चाचणीत रोग्यांची जुनी गोळी खरंच काही दिवस बंद करतात, त्याच कारणासाठी. सोनीबाईचं सगळं बरोबर होतं. फक्त औषध नव्हतं.

"दुखत होतं तर मला सांगायचं."

"तुला कशाला? तुला घाई झाली असती. घाईत औषध बिघडतं."

अमृत मागून म्हणाला, "मी बोललो होतो ताई. म्हणली, तू आर्ट्सचा, तू गप बस."

दुसऱ्या दिवशी पुण्याला नेलं. एक्स-रेमध्ये बोटांच्या हाडांची टोकं उंदरानं कुरतडल्यासारखी दिसत होती. डॉक्टर चिडले. "मावशी, गोळी बंद करायला कुणी सांगितलं?"

"कुनी न्हाई. डॉक्टर बदलला मी," सोनीबाई म्हणाली आणि अक्षदाकडे मान वळवली. "ही."

"तुम्ही डॉक्टर?"

"केमिस्ट."

"मेडिकल आहे का तुमचं?"

अक्षदानं नाही म्हटलं आणि पुढचं सांगितलं नाही. डॉक्टरांनी पिवळी गोळी पुन्हा लिहून दिली. आणखी खराब होणं थांबेल म्हणाले, कदाचित. झालेलं मागं येणार नाही. कात्रीचं नाव काढू नका.

परतताना गाडी अमृत चालवत होता आणि मागे या दोघी. मंचर गेल्यावर अक्षदानं एकदाचं सांगितलं.

"आई, ते औषध येणार नाही."

"औंदा?"

"कधीच नाही. जनावरांची लिव्हरं खराब झाली त्यानं. बंद केलं."

"मग दुसरा मॉलिक्यूल?"

"विभागच बंद झाला."

सोनीबाईनं बाहेर पाहिलं. रस्त्याच्या कडेनं टोमॅटोचे टेम्पो उभे होते. मग तिनं विचारलं, त्यात टोमणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, "मग येवढी वर्सं तिथं काय केलंस, बाई?"



घरी पोचल्यावर भगवंतअण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दुकानात आत्ताच काय बोलू नका." एवढंच. मग ते शेडमध्ये निघून गेले.

सोनीबाईनं गोळीची पट्टी हातात घेतली आणि अंगठ्यानं दाबायला लागली. अंगठ्यात जोर नव्हता. पट्टी वाकली, गोळी आतच. तिनं ती दाताकडे नेली तेव्हा अक्षदानं काढून घेतली आणि गोळी फोडून आईच्या तोंडात घातली.

तेवढ्यात समोरच्या घरातली चिमाबाई दारात आली. विरळणीत सोनीबाईच्या शेजारची ओळ कायम हिचीच. हिलाही सांधेवात, पण दोनच वर्षांपूर्वी सुरू झालेला. बोटं थोडी सुजलेली, अजून सरळ.

"आलं का?" तिनं हळूच विचारलं. "हेच का ते?"

"कशाबद्दल विचारतेस, मावशी?"

"आता माज्यापास्नंच लपवून ठेव. तुज्या औषधापायी मी बी गोळी बंद केलीया. सोनीनंच सांगितलं, अंग मोकळं ठेव."

अक्षदानं आईकडे पाहिलं. सोनीबाईनं मान खाली घातली होती.

क्षणभर अक्षदाच्या मनात आलं, हो म्हणावं. हेच ते नवं औषध म्हणावं आणि ही पट्टी चिमाबाईच्या हातात द्यावी. सरळ बोटं सरळ राहतील. तिनं पट्टी पुढेही केली. चिमाबाईनं ती उजेडाकडे धरून उलटसुलट पाहिली.

"ही तर आपली जुनीच. असल्या माझ्याकडं डबाभर पडल्यात."

"मावशी, आजपासून त्याच घे. दुसरं काही येणार नाही. खरं सांगते."

"चिमे, खरंच न्हाई येनार," सोनीबाई म्हणाली.

चिमाबाईनं एकदा मायकडे, एकदा लेकीकडे पाहिलं आणि हसली. "दोघी पुन्यावरनं आलात, आन् म्हनं काय न्हाई. असू दे. घरच्यांचं आधी, ते बरोबरच हाय. मी कुटं भांडते?"

तिनं पट्टी अक्षदाच्या हातात परत ठेवली. कमरेची कात्री सारखी केली आणि पायरी उतरता उतरता म्हणाली, "उरलं तर हाक मार. मी थांबते."