मळीअण्णाचा निळा जाळ

ये गं, अशी जवळ बस. पत्रातच बस, पण बस. कचऱ्यातून गॅस निघतो, हे परवा फोनवर मलाच समजावून सांगायलीस व्हय? तुझ्या आईच्या लग्नातली हुग्गी, आपली खपली गव्हाची खीर, कशावर शिजली होती, हे कधी विचारलंस?

आमच्या कोहिनूर गावाला मळीअण्णा होता. आधी त्याचा वास यायचा, मग हाक, मग तो. साखर कारखान्यात रस गाळल्यावर जो काळा चिखल उरतो, ती मळी. तिचे ढीग गावाबाहेर कुजायचे, उन्हाळ्यात आपोआप धुमसायचे. सगळे नाक धरून जायचे. हा ढिगापुढं हात शेकत म्हणायचा, "आग फुकट बसलीय, कामाला लावतो बघा!"

कारखान्याला ते ढीग नकोच होते. यानं गाड्या भरून आणल्या, शेण कालवलं, शेतात भली मोठी टाकी बांधली. टाकीतल्या गॅसचा निळा जाळ निघाला, पण त्यावर शिजवायला कोणी तयार होईना. हॉटेलवाला म्हणाला, "चहाला मळीचा वास आला, तर गिऱ्हाईक मलाच उकळंल." शेवटी अण्णाच्या बायकोनं पोटासाठी हैदराबादला जायची ट्रंक भरली.

तेवढ्यात तुझ्या आईचं लग्न ठरलं. अण्णा दारात येऊन बसला. "अक्का, एकदा हुग्गी माझ्या जाळावर शिजू दे. मग जा म्हणशील तिथं जातो."

तुझे आजोबा चिडले, "नवऱ्याकडचे मुडबीचे पाव्हणे ताटावरून उठले तर?"

"तर मला टाकीत ढकला. लई गॅस निघंल!"

मला हसू आलं, आणि तिथंच मी फसले.

खपली गहू, गूळ, मोठाली पातेली, सगळं टाकीजवळ नेलं. पंगत बसली. तुझ्या बाबांचे आजोबा, अप्पा, पहिला घास घेऊन थांबले, तशी सगळी पंगत थांबली. अण्णा तुपाची वाटी धरून नुसता उभा.

"कामून ओ विहीणबाई, हुग्गीला वासच येत न्हाई?"

मी पुढं झाले. "कसला वास, अप्पा?"

"धुराचा! चूल पेटवली न्हाई काय?"

अण्णानं अख्खी वाटी त्यांच्या पानात रिकामी केली आणि भर पंगतीत नाचला.

"पाव्हण्यांची तक्रार हाय, वासच येत न्हाई!" हे तो कितीतरी दिवस बाजारभर ओरडत फिरला. आधी हॉटेलवाल्यानं पाईप घेतला, मग वसतिगृहानं. टाकीतला गाळ उसाच्या रानात, ऊस कारखान्यात, मळी परत टाकीत. ट्रंकेत बायकोनं ज्वारी भरली.

अण्णा आता नाही. टाकी त्याची सून चालवते, सासऱ्यासारखीच ओरडत. हुग्गी केली की मी अजून वाकून वास घेते. गूळ येतो, तूप येतं, बाकी काही नाही, आणि मला एकटीलाच हसू फुटतं.

खपली कांडून ठेवलीय. लवकर ये. आणि त्या टाकीवरून येताना नाक धरू नकोस.