जुना शॉकअप आणि माझं भाषण

माझी अक्कल किती आहे ते आमच्या अख्ख्या विंगला कळून चुकलंय. तुम्हाला कुणी मीठमसाला लावून सांगण्यापेक्षा मीच सांगतो. चहा घ्या.

मी मेकॅनिकल इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं. पिवळ्या पडलेल्या नोट्स वाचून दाखवणारे प्राध्यापक आम्हालाच आळशी म्हणायचे. वर घरी आल्यावर मोठ्यांचं सुरू, "आमच्या वेळी असं नव्हतं." तुमच्या वेळी काय होतं ते आम्ही रोज भोगतोय, काका. असो. तेव्हापासून बाबा आणि मी फक्त "जेवलास?" आणि "हो" एवढंच बोलायचो.

मग यंदा एक काम मिळालं, माझं मी शोधलेलं. माझा मित्र समीर एका ग्रुपबरोबर हौशी लोकांना डोंगरातल्या कच्च्या वाटांवर सायकलने फिरवतो. त्यांना आणखी एक वाटाड्या हवा होता. अट एकच, स्वतःची धड सायकल. रविवारी चाचणी. जमलं तर काम पक्कं, नाहीतर पुन्हा घरी बसून सगळ्यांचे सल्ले ऐका.

सायकल होती. अकरावीत बाबांनी घेतलेली, पुढे खड्ड्यांचे धक्के गिळणारा शॉकअप असलेली, डोंगरात चालणारी. कॉलेज सुटल्यापासून बाल्कनीत कपड्यांच्या स्टँडमागे उभी. शॉकअपच्या डोक्यावर बाबांनी प्लास्टिकची पिशवी रबरबँडने बांधलेली. आमच्या घरात रिमोटलाही पिशवी असते. मी ती ओरबाडून काढली आणि बोरिवलीच्या खड्ड्यांत एक चक्कर मारली. परत आलो तेव्हा मनगटं माझी नव्हती.

समीरला फोन केला.

"हँडल दाबून बघ," तो म्हणाला. "खाली जाऊन वर येतंय ना, तर सर्व्हिसिंग कर. तेल आणि रबरं बदलली की झालं. हलतच नसेल तर आतून गेलाय. बदल."

"दगड आहे रे."

"मग वाट लागली."

तरी मी विचार केला, खोटं नाही सांगत. बाल्कनीत बसून त्या शॉकअपकडे बघत राहिलो. दांड्यांवर गंज नव्हता. तेल गळत नव्हतं. धडधाकट दिसणारी वस्तू आतून मेलेली असू शकते? असू शकते, मी अशा कॉलेजात दोन वर्षं काढली होती. पण इतक्या जुन्या शॉकअपचे सुटे भाग आता मिळतील का? मिळाले तरी नव्या भागांनी जुना जीव किती ओढायचा?

तेवढ्यात मागे बाबा येऊन उभे राहिले. "अरे, पण मी ते..."

"बाबा, प्लीज. तुम्हाला यातलं काही कळत नाही."

ते गेले. बाबांची एक सवय सांगायला हवी. वापरात नाही ते बंद. गीझर बंद, गॅसचा रेग्युलेटर बंद, कुलूप लावल्यावर पुन्हा उघडून सगळं बंद आहे ना ते बघायचं. एका गणपतीला गावी जाताना त्यांनी मेन स्विचच बंद केला. फ्रीजमध्ये सुरमई होती. आम्ही परतलो तेव्हा शेजारी दारात उभे राहून आमची वाट बघत होते.

संध्याकाळी सायकल खाली नेली. बाकड्यावर दुसऱ्या मजल्यावरचे परब काका बसले होते. त्यांनी सगळा भार टाकून हँडल दाबलं. ढिम्म.

"तेल घाल रे. माझ्याकडे शिलाई मशीनचा तेल आसा, घेवन जा."

झालं, माझं डोकं सटकलं. "काका, तुमच्या पिढीला हेच येतं. मेलेल्या गोष्टींना तेल घालत बसायचं. सोफा मोडला, लाकडाची पट्टी मारा. मिक्सर जळला, वायर बदला. नोकरीत जीव गुदमरतोय, काढा तशीच रिटायर होईपर्यंत. काही गोष्टी बदलाव्याच लागतात. तेवढी हिंमत नाही तुमच्यात."

बाबा दुधाची पिशवी घेऊन तिथेच उभे होते.

"अरे, ऐक तरी, ते मी..."

"तुम्हालाही तेच सांगतोय, बाबा."

शनिवारी मुलुंडहून एक वापरलेला शॉकअप आणला. दुकानात नेऊन बसवायला मी काय अडाणी आहे? मेकॅनिकल सोडलंय, अक्कल नाही सोडलेली. पॅसेजमध्ये वर्तमानपत्र पसरलं, व्हिडिओ लावला आणि जुना शॉकअप काढून बाजूला ठेवला. नवा चढवला. दाबला, तर असा खाली गेला की वर यायचं नावच घेईना. खरा मेलेला हा होता.

मी डोकं धरून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणी. बाबा आले. वाकून त्यांनी जुना शॉकअप उचलला. त्याच्या एका दांडीवर एक निळी टोपी होती. इतकी वर्षं मी ती शोभेची समजत होतो. बाबांनी ती दोन बोटांनी फिरवली, रेग्युलेटर फिरवतात तशी. शॉकअप जमिनीवर उभा धरून दाबला.

फुस्स. खाली गेला. वर आला.

"चांगला आहे की," बाबा म्हणाले. "मीच बंद करून ठेवला होता. तू वापरत नव्हतास ना."

"मग सांगायचं ना!"

आतून आई म्हणाली, "गुरुवारपासून तेच सांगतायत ते. तू भाषणं देतोयस."

टोपीवर चक्क कुलपाचं चित्र कोरलेलं होतं. बंद कुलूप एका बाजूला, उघडं दुसऱ्या बाजूला. बाकड्यावर ही बातमी माझ्याआधी पोचली. परब काका फक्त शिलाई मशीनच्या तेलाची कुपी आमच्या दाराशी ठेवून गेले.

जुना शॉकअप पुन्हा बसवला. रविवारी चाचणी दिली. जरा कुरकुरला, पण माझ्यापेक्षा कमी. काम मिळालं. आता त्याचं सर्व्हिसिंग करून घेणार आहे, रीतसर, दुकानात.

पण डोक्यात एक किडा वळवळत राहिला. कॉलेज सोडल्याचं सांगितलं त्या दिवशीही बाबांनी अशीच सुरुवात केली होती. "अरे, पण मी..." आणि मी दार आपटून निघून गेलो होतो. पुढे काय होतं त्या वाक्यात? कदाचित नेहमीचंच, 'आमच्या वेळी'. कदाचित नसेलही.

त्याच रविवारी रात्री जेवण झाल्यावर विचारलंच. "बाबा, मी कॉलेज सोडलं त्या दिवशी तुम्ही काय म्हणणार होतात?"

मी तोंड बंद ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा. आईसुद्धा हातातलं काम थांबवून ऐकत होती.

"अरे, पण..." बाबा म्हणाले, "बाल्कनीतला दिवा चालूच ठेवलायस तू."

उठलो आणि बंद करून आलो. निदान त्याचं बटण कुठे असतं ते मला माहीत होतं.