नऊ, बावीस आणि बत्तीस

शारजात रोल्ला भागात राहणाऱ्या आमच्या ओळखीच्या मराठी कुटुंबांचा शुक्रवार ठरलेला असे. कुणाकडे तरी पुरी-श्रीखंडाचं जेवण, मग समुद्रावर एक चक्कर आणि घरी येऊन झोप. आम्ही नवरा-बायको मात्र शुक्रवारी वाळवंटातल्या एका क्लबात पिस्तूल चालवायला जायचो. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, की घरात सगळं ठीक आहे ना. मी म्हटलं, सध्या तरी आमच्यात तोच चांगला नेमबाज आहे जो स्वयंपाक करतो. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

कारण अगदी साधं होतं. सांगलीकडच्या एका बाजारपेठेच्या गावात माझ्या सासऱ्यांची, म्हणजे मामंजींची, सराफीची पेढी. दागिने घडवायला सोनं न्यायला आणि घडवलेले आणायला त्यांना सतत शहरात ये-जा करावी लागे. कोटाच्या आतल्या खिशात परवान्याचं रिव्हॉल्व्हर ठेवून ते वर्षानुवर्षं एसटीनं फिरले आणि शेजारी बसलेल्याला कधी पत्ता लागू दिला नाही. आता त्यांचे गुडघे थकले होते. माझे हे त्यांचे एकुलते एक चिरंजीव, शारजातल्या सोन्याच्या दुकानात सेल्समन. आम्ही दोन-तीन वर्षांत परत जाणार, पेढीवर बसणार, असं ठरलं होतं. परवाना घरातल्या दुसऱ्या माणसाच्या नावावर करून घ्यायचा, पण मामंजींनी फोनवर बजावलं होतं, की आधी नीट चालवायला शीक, मग अर्ज. चालवता येत नसताना जवळ बाळगणं म्हणजे चोराला आयतं नेऊन देणं.

म्हणून क्लब. तिथे हत्यार क्लबचं, गोळ्या क्लबच्या, आणि बाहेर पडताना खिशात गोळीची रिकामी पुंगळीसुद्धा राहता कामा नये असा दंडक. शिकवायला एक इजिप्तचा कोच होता, धिप्पाड, आखातात राहून हिंदी शिकलेला. त्यानं पहिल्या दिवशी टेबलावर दोन पिस्तुलं मांडली आणि कुठलं हवं ते विचारलं. एक नऊचं, एक बावीसचं. मला वाटलं, नऊपेक्षा बावीस मोठं. मी आपलं ह्यांच्यासाठी बावीस मागितलं, नवऱ्याला कमी कशाला. कोच पोट धरून हसला. नऊ म्हणजे नऊ मिलिमीटर आणि बावीस म्हणजे इंचाचा शंभरावा भाग धरून बावीस. बावीसची गोळी नऊच्या गोळीपुढे दाण्याएवढी. ह्यांनी लगेच नऊचं उचललं. दुकानातल्या सगळ्या मित्रांनी त्यांना तेच सांगितलं होतं. गोळी दमदार, एका भरणीत पुष्कळ मावतात, शिवाय पिस्तूल चपटं, शर्टाखाली दिसत नाही. हे सगळं खरंच होतं. उरलेलं बावीस माझ्या वाट्याला आलं, कारण मी तिथे बसून बसून कंटाळणार होते.

आणि मला ते आवडलं. लपवून काय सांगू, भयंकर आवडलं. बावीसला झटका जवळजवळ नसतो, त्यामुळे नेम चुकला की दोष द्यायला आपल्याशिवाय कुणी उरत नाही. श्वास अर्धा सोडायचा, नळीच्या टोकावरचा नेम धरायचा खुंट, म्हणजे माशी, स्पष्ट आणि निशाण धूसर दिसू द्यायचं, आणि चाप असा हळू दाबायचा, की गोळी कधी सुटली ते आपल्यालाही नंतर कळावं. कणीक मळताना पाणी घालतो ना, तितक्याच बेताने. काही महिन्यांत माझी भोकं कागदावर एकमेकांच्या शेजारी बसायला लागली. कोच ह्यांना म्हणाला, “हबीबी, मॅडम का हाथ ठंडा है.” ह्यांनी मान डोलावली आणि घरी येताना गाडीत रेडिओ जरा मोठा लावला.

ह्यांचं नऊचं काही जमेना. हे माणूस म्हणून शांत, गिऱ्हाईक तासभर बांगड्या बघून काही न घेता उठलं तरी चहा पाजून पाठवणारे. पण आवाज होणार हे ठाऊक असलं, की आवाजाच्या आधीच डोळे मिटायचे आणि मनगट खाली जायचं. गोळ्या सगळ्या खाली डावीकडे. कोचनं त्यांना बावीसवर यायला सांगून पाहिलं. ते म्हणाले, पेढीवर दरोडा घालायला येणारा माणूस काय बावीसला घाबरणार आहे? नऊच हवं.

मग एका रविवारी मामंजींचा फोन आला. सराव कसा चाललाय, कशावर चाललाय, विचारलं. ह्यांनी अभिमानानं सांगितलं, नऊ एमएम. मग मामंजी म्हणाले, “अरे, नऊची गोळी इथे लष्कराला आणि पोलिसांना. आपल्याला ती बाळगायची परवानगीच नाही. आपलं बत्तीस.” ह्यांनी फोन ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. इतके शुक्रवार, वाळवंटातलं ते ऊन, आणि शिकलो ते गावी चालणारच नव्हतं. मित्रांपैकी कुणाला हे सुचलं नाही, कारण त्यांच्यातल्या कुणाला परत जाऊन पेढी सांभाळायची नव्हती. मला हसू आवरेना. मी म्हटलं, बरं झालं, बत्तिशी दाखवणाऱ्यांसाठी बत्तीसच योग्य. ते हसले नाहीत. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्यांना नऊचं दुःख नव्हतंच. कुठलंही चालवलं तरी आपल्याला जमणार नाही, आणि वडिलांना ते कळणार, याची भीती होती.

क्लबात बत्तीसचं एकच पिस्तूल होतं, स्पर्धेसाठी ठेवलेलं. कोचनं ते काढून दिलं. झटका बावीसपेक्षा जास्त, नऊपेक्षा कमी. पहिल्या दिवसापासून ते माझ्या हातात बसलं. ह्यांचे डोळे मात्र मिटतच राहिले.

त्या हिवाळ्यात मामंजी व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आले. सोन्याचा बाजार पाहिला, फुजैराचा समुद्र पाहिला, आमच्या लेकीशी, त्यांच्या नातीशी, मराठीत बोलले आणि तिची इंग्रजी उत्तरं शांतपणे ऐकून घेतली. शुक्रवारी म्हणाले, चला, तुमचा सराव बघू.

क्लबात ते कानाला आवाजबंद टोपणं लावून, काठी टेकून आमच्या मागे बसले. आधी हे. कागद ओढून आणला तेव्हा दोन गोळ्या कागदावर होत्या आणि बाकीच्या वाळूच्या ढिगात. मामंजी मला म्हणाले, तूही कर. सासऱ्यांच्या समोर उभं राहून पिस्तूल चालवायचं म्हणजे काय, ते ज्यांनी चालवलंय त्यांनाच कळेल; मी ओढणी खोचली, श्वास अर्धा सोडला आणि त्यांना विसरले. कागद आला. सगळी भोकं एका बशीखाली झाकली गेली असती. कोचनं तो कागद मामंजींच्या हातात दिला. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. माझ्या तोंडावर जे हसू पसरलं होतं ते सुनेला शोभणारं नव्हतं.

घरी येऊन चहा झाला. मग ह्यांनीच कप खाली ठेवला.

“अण्णा, परवाना हिच्या नावावर करा.”

मामंजींनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. म्हणाले, गावात लोक विचारतील. मुलगा धडधाकट असताना सून का?

“सांगा त्यांना,” हे म्हणाले, “की गोळी सुटताना मुलाचे डोळे मिटतात. हिचे उघडे असतात. गिऱ्हाईक मी सांभाळीन. सोनं घेऊन शहरात ही जाईल.”

आवाज ना वर चढला ना खाली गेला. ज्या भीतीनं हा माणूस खिडकीपाशी उभा राहिला होता, ती त्यानं वडिलांच्या समोर स्वतःच्या तोंडानं सांगून टाकली होती. मी चहाचे कप उचलायला वाकले होते, तशीच थांबले.

मामंजींनी काठी भिंतीला टेकवून ठेवली. मग माझ्याकडे वळले.

“बस,” म्हणाले. “नीट ऐक. आपल्या रिव्हॉल्व्हरला गोळ्यांची सहा घरं आहेत. घोड्याखालचं घर नेहमी रिकामं ठेवायचं, एसटीत गचका बसला तरी गोळी सुटता कामा नये. पाचच भरायच्या. आणि पर्समध्ये कधी नाही. चोर पहिल्यांदा पर्सच ओढतो. कमरेला, कुडत्याच्या आत पिशवी शिवून घे.”

मी “हो मामंजी” म्हटलं, आणि ह्यांच्याकडे पाहिलं. बशीखाली झाकतील अशा भोकांचा तो कागद माझा होता, त्याचा अभिमान मला आजही आहे. पण त्या संध्याकाळी माझा ऊर भरून आला तो ह्यांच्यासाठी.