भरल्या गाडीचा मान

आमच्या साडूसारखा ड्रायव्हर सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर आजवर झाला नाही, आणि देव करो, पुन्हा होऊ नये! हे कुणी ऐऱ्यागैऱ्यानं सांगितलेलं नाही. त्याच रस्त्यावर चाळीस वर्षं ट्रक हाकलेला माणूस सांगतोय. मी पुराच्या पाण्यातनं गाडी काढली आहे, ब्रेक गेलेला ट्रक बांधाला घासून थांबवला आहे, पण नसलेला ब्रेक पायानं दाबला तो साडूच्या शेजारच्या सीटवर. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, जळकोटचा बागायतदार. उंची एवढी की हरभऱ्याच्या रानात शिरला तरी हाक मारून शोधावा लागतो. आणि गाडी घेतली ती केवढी! सात जणांची, चारी चाकं ओढणारी, तोंड एवढं उंच की पुढं वासरू उभं असलं तर आतून दिसायचं नाही. सीटवर घोंगडं चौघडी घालून त्यावर हा बसतो, तरी बाहेरच्याला फक्त स्टेअरिंगवरची बोटं आणि टोपीचं टोक दिसतं. पहिल्यांदा ती गाडी आमच्या गल्लीत आली तेव्हा पोरांनी एकच गिल्ला केला, ‘बिनमाणसाची गाडी आली, बिनमाणसाची गाडी आली!’ समोरच्या म्हातारीनं तर आत जाऊन कडी लावून घेतली.

काळ्या रानात पावसाळ्यात साधी गाडी रुतते म्हणून ही घेतली, असं तो सांगतो, आणि ते खरं आहे. एकदा शेजाऱ्याचा चिखलात फसलेला ट्रॅक्टर त्यानं ह्याच गाडीनं ओढून काढला. ही हकिकत तो प्रत्येक लग्नात सांगतो. पहिल्या लग्नात ट्रॅक्टर रिकामा होता. दुसऱ्या लग्नात त्याला ट्रॉली जोडली गेली. तिसऱ्यात ट्रॉलीत सोयाबीन भरलं, आणि परवाच्या लग्नात सोयाबीनच्या पोत्यांवर शेजाऱ्याची सासू पण बसलेली होती. बैल विकून बरीच वर्षं झाली, पण ह्याची बैलाची सवय काही जात नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी हा गाडीच्या दोन्ही पुढच्या कोपऱ्यांना हळद-लोणी चोळून खांदमळणी करतो. पोळ्याला पाठीवर झूल, आरशांना गोंडे, आणि तोंडापुढं पुरणपोळीचं ताट. मी म्हणलं, “पाव्हणं, इंजिन हाय ते. ते काय खानार हाय का?” तर म्हणाला, “खात न्हाय म्हणून दाखवायचं बी न्हाय व्हय?”

पण साडूचा खरा बाणा वेगळाच. तो गाडी मागं घेत नाही. रिव्हर्स गिअर कंपनीनं आपल्या मनानं दिलाय, आपण मागितला नव्हता, असं त्याचं म्हणणं. सोयऱ्याचं दार चुकून पुढं गेलं तर हा अख्ख्या गावाला वळसा घालून पुन्हा त्या दारात येतो, आणि सोयरा बिचारा पाण्याचा तांब्या घेऊन तसाच उभा. समोरून दुसरी गाडी आलीच तर त्याच्याजवळ बैलगाडीच्या काळचा कायदा तयार असतो. भरल्या गाडीला रिकामी गाडी वाट देते! कायदा खोटा नाही. कडब्यानं लादलेली गाडी समोरून आली की रिकाम्या गाडीवाला न बोलता चाकोरी सोडून बाजूला व्हायचा, हे मी लहानपणी डोळ्यांनी बघितलं आहे. पण तो कायदा साडूनं आमच्या गल्लीत आणला आणि अनर्थ झाला.

आमची गल्ली उमरग्याच्या जुन्या गावातली. वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंत एका अंगाला घरांचे ओटे, दुसऱ्या अंगाला वाड्यांच्या परसाच्या भिंती. साडूची गाडी आत शिरली की आरसे बैलाच्या कानासारखे पाडावे लागतात. एका बाजाराच्या दिवशी ह्या गल्लीत साडूच्या गाडीसमोर तशीच दुसरी दांडगी गाडी आली. मालक कुणी परगावचा कंत्राटदार, आत एकटाच. साडू खाली उतरला.

“तुमी किती जण?”

“एकटा. का हो?”

“आमी चार, आन एक कोंबडा. घ्या मागं.”

चारातला एक मी होतो, कोंबडा माझ्या मांडीवर होता. कंत्राटदार काही कच्चा नव्हता. त्यानं न्हाव्याच्या दुकानातनं तिघांना हाक मारली, त्यातल्या एकाच्या गालाला अजून साबण होता, आणि आपल्या गाडीत बसवलं. “आता आमी पण चार. कोंबडा धरत न्हाय.” झालं! साडूनं मागचं दार उघडलं आणि, “या, या, बसा!” म्हणून रस्त्यानं जाणारी माणसं आत ओढायला सुरुवात केली. तिकडं तोही ओढतोय, इकडं हाही. किराणा दुकानदार बसला, त्याचं गिऱ्हाईक बसलं, पोस्टमन एका गाडीत आणि त्याची पिशवी दुसऱ्या गाडीत. आत गार हवा, त्यामुळं उतरायचं कुणाचंच मन होईना. शेवटी अकराला अकरा अशी बरोबरी झाली आणि बारावा माणूस हाक मारायला गल्लीत उरला नाही.

तेवढ्यात आमची ही बाजारातनं आली. काखेत पिशवी, पिशवीतनं मेथी बाहेर लोंबणारी. भिंत आणि गाडी यांच्या मधनं तिरकी तिरकी होत ती साडूच्या खिडकीपाशी आली आणि म्हणाली, “पाव्हणं, ह्या दोन गाड्यांत जेवढी माणसं बसल्यात, तेवढी पायी चालली असती तर एव्हाना पारावर जाऊन माघारी आली असती.” मग तिला मी दिसलो. “आन तुमी! चाळीस वर्सं टरक हाकला, आन आता कोंबडं घेऊन बसलाव व्हय?” दोन्ही गाड्या मुकाट्यानं रिकाम्या झाल्या. कंत्राटदारानं गाडी मागं घेतली. तो साडूच्या कायद्याला भ्याला नाही, हिच्या डोळ्यांना भ्याला.

त्याच आठवड्यात हिनं अर्ज करवला. जुन्या गावात दिवसा मोठ्या गाड्यांना बंदी करा म्हणून. शेजारच्या निवृत्त गुरुजींनी तो लिहिला. ओट्यावर बसून गल्लीत पाय सोडून डाळ निवडायची हिची जन्माची सवय, आणि दिवसातनं वीस वेळा पाय आत ओढून घ्यावे लागत होते. पहिली सही तिची. प्रौढांच्या वर्गात शिकलेली, रानात बी टोचल्यासारखं एकेक अक्षर लांब लांब. खाली माझी. मी पण मनापासून केली. एवढ्या उंच तोंडाच्या गाडीपुढं बसलेलं माणूस दिसत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. पुढच्या खेपेला साडू जेवायला बसला तेव्हा हिनं त्याच्या तोंडावरच सांगितलं.

“पाव्हणं, तुमच्या गाडीवर अर्ज केलाय. पिठलं वाढू का अजून?”

“वाढा की. अक्का, चांगलं केलं. बंदच व्हायला पायजेत मोठ्या गाड्या. लई माजल्यात.”

“आन तुमची?”

“माझी कुठं मोठी हाय?”

हे तो खोटं बोलत नव्हता. मी पुढं चौकशी केली, आमच्या तालुक्यात मोठी गाडी कुणाचीच नाही. सगळ्यांची बेताची आहे, मोठी ती समोरून येते.

मग माघ महिन्यात ही गेली. तीन दिवसांचा ताप, आणि संपलं. त्यावर मला लिहिता येत नाही.

मी घरात बसलो. गल्लीत पाऊल टाकलं की कुणीतरी तिचं नाव काढणार, हात हातात घेणार, आणि ते मला सोसवत नव्हतं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता हॉर्न वाजला. दार उघडलं तर साडूनं गाडी अशी बरोबर लावलेली की गाडीचं दार माझ्या दारात. उंबऱ्यावरून पाय उचलायचा तो सीटवर ठेवायचा. “बसा पाव्हणं. जळकोटापासनं रिकामी हाकत आणलीय. तशीच माघारी नेली तर लोक काय म्हणतील?” मी बसलो. त्या दिवसापासून एक दिवस चुकला नाही. हायवेनं पाऊण तास येणार, मला भरणार, कधी येणेगूरच्या चहाला, कधी त्याच्या रानात, आणि संध्याकाळी पुन्हा दारात सोडणार. रस्ताभर भांडण. “गिअर बदला.” “आयकलं.” “इंजिन रडतंय.” “ते बी आयकलं.” हिचं नाव त्यानं एकदाही काढलं नाही. मीही नाही. मला वाटायचं, ह्या माणसाच्या डोक्यात गाडीपलीकडं काही शिरतच नाही. बरंच आहे, म्हणलं.

आणि अशात पालिकेची नोटीस लागली! जुन्या गावात मोठ्या चारचाकीला दिवसा बंदी करण्यावर कुणाचं काय म्हणणं असेल ते समक्ष येऊन मांडा. साऱ्या गावाला जसा ज्वर चढला. चहाच्या टपरीवर दोन तट पडले. पुण्या-मुंबईतही हाच वाद चाललाय म्हणून गुरुजी पेपर वाचून दाखवायचे, तर दुसरा म्हणायचा, तिकडं रस्ते हायत, हितं बोळ हाय. मी मात्र ना ह्या तटात, ना त्या. कारण नियम झाला तर साडूची गाडी वेशीवरच थांबणार. हॉर्न माझ्यापर्यंत पोचणार नाही. आणि अर्ज कुणाचा? आमचाच!

सुनावणीला सभागृह गच्च. साडू जळकोटहून पाच जण भरून आला होता, सहावा मी, नेहमीसारखा दारातनं उचललेला. त्याची पाळी आली तसा खुर्चीवर चढून उभा राहिला, नाहीतर दिसलाच नसता.

“सायेब, गाडी मोठी का ल्हान ते मोजू नका! भरलेली का रिकामी ते मोजा! सात सीटांत एकटा बसून कोथमिरीची जुडी आणायला येतो त्याला वेशीवर उतरवा. भरल्या गाडीला मान हाय, ही बापजाद्याची रीत हाय!”

टाळ्याच टाळ्या. मग आमच्या गल्लीतली कासारीण उठली. “भाऊ, भरलेली गाडी माझ्या पायावरनं गेली तर पाय कमी मोडतो व्हय?” आता तिला टाळ्या! साडू खुर्चीवर उभा राहून तिच्यासाठी टाळ्या वाजवत होता, त्याला बोलणं आवडलं होतं. कुणी म्हणालं, आजारी माणूस कसं न्यायचं? कुणी म्हणालं, त्याला सूट द्या की. एवढा दंगा की साहेबांनी टेबल बडवलं, आणि अर्ज हातात घेऊन विचारलं, “पहिली सही बाईंची आहे. बाई आल्यात का?”

गाव माझ्याकडं बघायला लागलं. मी उठलो. मी काय बोलणार होतो ते खरं सांगतो. मी अर्ज मागं घेणार होतो. म्हणलं, “ती आता न्हाय सायेब. मी तिचा मालक. आमचा अर्ज...”

“थांबा!” साडू खुर्चीवरूनच ओरडला. “सायेब, ह्यांचं आयकू नका! हे रोज माझ्या गाडीत बसत्यात, म्हणून आता मन फिरलंय. मला कळतंय ह्यांच्या मनातलं. अर्ज ह्यांचा न्हाय, अक्कांचा हाय. अक्का स्वता येऊन मागं घेत न्हाईत तवर तो कुणी मागं घ्यायचा न्हाय!”

“अहो, पण तुम्ही तर बंदीच्या विरोधात बोललात ना?” साहेब म्हणाले.

“व्हय, हायच की इरोधात. पर अक्कांच्या सहीवर हात ठेवू द्यायचा न्हाय मी.”

आणि खुर्चीवरून उतरला. उतरल्यावर दिसेनासा झाला, म्हणून त्याचं तोंड कसं झालं होतं ते मला बघता आलं नाही.

नियम झाला. सकाळी नऊ ते रात्री आठ मोठी चारचाकी वेशीच्या आत नाही, आजाऱ्याची सोडून. पहिल्या दिवशी नऊ वाजले, हॉर्न नाही. सव्वानऊ झाले. मी दार ओढून घेतलं, म्हणलं, संपलं हेही. तर थोड्या वेळानं कडी वाजली. साडू दारात घामाघूम, धापा टाकतोय, टोपी हातात. “लांब हाय की वो पाव्हणं तुमचं घर! गाडीत कळत नव्हतं. चला, वेशीवर उभी हाय.”

ती गेल्यावर पहिल्यांदाच मी गल्लीत पाय ठेवला. व्हायचं तेच झालं. कासारणीनं थांबवलं, किराणावाल्यानं थांबवलं, जो तो हिचं काहीतरी सांगत होता. मी मान हलवत होतो. साडू माझ्या कोपराला धरून चालत होता, खांद्याला त्याचा हात पुरत नाही. मधेच एका भिंतीपाशी तो थांबला.

“एक सांगू का? तुमी आत चहा पीत बसायचाव ना, तवा अक्का माझ्या गाडीत चढून बसायच्या. शेजारच्या सीटवर, माझं घोंगडं खाली घेऊन. मी हितवर हळूहळू आणायचो. ह्या भिंतीपलीकडं बघायच्या. म्हणायच्या, पाव्हणं, कुणाला बोलू नका, पर हितनं डाळिंब दिसतंय.”

मला हे ठाऊक नव्हतं. चाळीसावर वर्षांचा संसार, आणि मला ठाऊक नव्हतं.

मी टाचा उचलून बघितलं. दिसेना. साडू उगीच एक उडी मारून मोकळा झाला. आमची खुडबुड ऐकून घरातली सून बाहेर आली. “काय पायजे आजोबा?”

“काय न्हाय पोरी. तुमचं डाळिंब बघायचं होतं.”

“मग आत या की.”

आत गेलो. साधंच झाड. बुंध्याला गेरू लावलेला, चार-पाच फुलं, एका फांदीला कुणाचं तरी झबलं वाळत घातलेलं.

“एवढंच व्हय?” साडू म्हणाला.

“एवढंच,” मी म्हणलं.

ती पोरगी पाणी घेऊन आली, तरी आम्ही तिथंच उभे होतो.