हिऱ्यावरून खडक ओळखताना

दोन हजार चारच्या हिवाळ्यात, अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी, पीएचडीच्या क्वालिफायिंग परीक्षेत माझा पार फज्जा उडाला. आमच्या सरांनी मुठीएवढा काळपट दगड टेबलावर ठेवला. भिंगातून बघितलं तर त्यात हिऱ्याचा एक कण होता. "याचं नाव सांग. आणि तेच का, तेही सांग." दगडाबरोबरची, त्याचं नाव लिहिलेली चिठ्ठी त्यांनी आधीच खिशात टाकली होती.

मला तर हसूच आलं. हिरा असलेला ज्वालामुखी खडक म्हणजे किंबर्लाइट, हे मी बीएस्सीपासून घोकलेलं. अख्खी व्याख्या स्वल्पविरामासकट धडाधडा म्हणून टाकली.

"हे झालं पुस्तक. दगड कधी बघणार?" सर म्हणाले. दोन आठवड्यांनी दुसरी संधी, आणि तीच शेवटची. नाही जमलं तर मास्टर्स घेऊन नागपूरला परत.

माझी रूममेट पुण्याची, कम्प्युटरवाली. म्हणाली, "दगडांसाठी अमेरिकेला आलीस आणि दगडानेच घालवलं की तुला, यार!" मी तिच्या अंगावर अशी खेकसले की तिने गुपचूप पोह्यांची बशी माझ्यापुढे सरकवली. मग मला रडूच फुटलं. आईबाबांना काय तोंड दाखवणार होते मी?

दुसऱ्या दिवशी कॅम्पसच्या बसमध्ये दांडीला लोंबकळत होते, डोक्यात तोच दगड. हिरा काही त्या खडकात जन्मत नाही. तो दीडशे किलोमीटर खाली तयार होतो आणि युगानुयुगं तिथेच पडून राहतो. वितळलेला खडक वर उसळताना त्याला वाटेत उचलतो. म्हणजे हिरा नुसता प्रवासी! आता मला आत बघून कुणी या बसला नागपूरची बस म्हणेल का? अगं बावळट! भर बसमध्ये मी कपाळावर हात मारून घेतला.

मग लॅबमध्ये ठाण मांडलं. दगडाचा काप काचेवर चिकटवायचा आणि उजेड आरपार जाईपर्यंत घासायचा. पहिला काप मी रागारागाने इतका घासला की काच लख्ख, दगड गायब. तिसरा जमला, तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. किंबर्लाइटच्या बारीक दाण्यांत सहसा कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलं खनिज असतं, इथे शोधशोध शोधलं तरी एक कण नाही. दगडाच्या पुडीवर आम्ल टाकलं; कॅल्साइट असतं तर फसफसली असती, पण नाही. जिकडेतिकडे तपकिरी अभ्रक मात्र भरपूर.

"हा किंबर्लाइट नाही, लॅम्प्रोइट असावा," दोन आठवड्यांनी मी सरांना म्हटलं. "हाही खोलवरूनच आलाय, पण याची घडण वेगळी." मग बोलून टाकलं, "कोपऱ्यातला हा हिरवट कण मात्र मला ओळखता येत नाही." परीक्षेत 'येत नाही' असं मी जन्मात पहिल्यांदा म्हटलं होतं.

सरांनी खिशातून चिठ्ठी काढली. पिवळी पडलेली. वर 'किंबर्लाइट' लिहून खोडलेलं, खाली 'लॅम्प्रोइट'.

"खोडलंय ते माझंच. विद्यार्थी होतो तेव्हा लिहिलेलं. तेव्हा हिरा दिसला की आम्ही सगळे किंबर्लाइटच म्हणायचो."

"आणि हिरवा कण?"

"तो मलाही अजून ओळखता आलेला नाही. तू शोध. चार वर्षं आहेत आता तुझ्याकडे."

मी तिथल्या तिथे त्यांच्या पाया पडायला वाकले, तर ते घाबरून खुर्चीसकट मागे सरकले.