सुबक टाइप केलेला पुरावा

चर्चच्या कायद्याच्या वकिलांची परिषद दरवर्षी नगर रोडवरच्या एका सभागृहात भरायची. बहुतेक सगळे फादर. संसार न केलेली माणसं तीन दिवस संसारावर बोलतात, असं मी एका पत्रकात छापलं आणि पहिल्या वर्षी दारात उभी राहून वाटलं. एका वयस्क फादरांनी ते पूर्ण वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. "शुद्धलेखन चांगलं आहे," म्हणाले. पुढच्या वर्षी त्यांनीच मला नोंदणीच्या टेबलावर बसवलं.

मी जायचे ती ताईसाठी. आम्हा कॅथलिकांत घटस्फोट नाही. सरकारी कोर्टाने दिला तरी चर्चच्या लेखी लग्न कायम. ते मुळात झालंच नव्हतं असं चर्चच्या न्यायालयाने म्हणावं लागतं, आणि मग दुसऱ्या न्यायालयाने पुन्हा तेच म्हणावं लागतं. ताईचा नवरा सॉफ्टवेअरमधला. वर्षभरात अमेरिकेला गेला तो गेलाच. लग्नाच्या आठ दिवस आधी त्याने मित्राला ई-मेल केला होता: दोन वर्षं बघतो, नाही पटलं तर सोडून देईन. मित्राला पुढे लाज वाटली, त्याने तो ताईकडे पाठवला. साक्षीला मात्र आला नाही, नंतर फोनही उचलेना. कायमचं लग्न त्याच्या मनातच नव्हतं, म्हणून ते झालंच नाही, हे ताईचं म्हणणं पहिल्या न्यायालयाने मानलं. दुसऱ्याचा निकाल यायचा होता. ताईच्या ऑफिसातला एक शांत माणूस तेवढ्यासाठी थांबला होता. लग्न चर्चमध्येच, असं त्याच्या आईचं म्हणणं.

तिसऱ्या वर्षी एका दुपारच्या सत्राचा विषय होता, ई-मेल पुरावा मानायचा का. बोलणारे फादर लग्नाचे रक्षक. म्हणजे लग्न टिकलंच पाहिजे अशी बाजू मांडायला त्या न्यायालयात एक माणूस नेमलेला असतो, नवराबायको दोघांनाही ते नको असलं तरी. त्यांनी गेल्याच आठवड्यात निकाल लागलेलं एक प्रकरण घेतलं. नावं काढलेली. या लोकांची रीतच ती, नावं काढायची आणि बाकी सगळं ठेवायचं. नवरा सॉफ्टवेअरमधला. लग्नाच्या आठ दिवस आधी. दोन वर्षं बघतो.

मी उरलेले बिल्ले खोक्यात भरत होते. भरत राहिले.

"पहिल्या न्यायालयाने हा कागद नीट पाहिला होता का, देव जाणे," रक्षक म्हणाले. "पाठवणाऱ्याचा पत्ता नाही. तारीख नाही. मधोमध शीर्षक, खाली रेघ, समास दोन्हीकडून सारखे. अहो, हा ई-मेल नाही, पत्रक आहे! कुणीही टाइप केलं असेल. दुसऱ्या न्यायालयाने बाजूला ठेवलं, ते योग्यच."

सभागृह हसलं.

कुणीही म्हणजे मी. मूळ प्रिंटवर अर्धं पान नुसते पत्ते, आकडे आणि चिन्हं होती. न्यायाधीशांना वाचताना त्रास नको म्हणून तेवढं काढून मी मजकूर नव्याने टाइप केला. पत्रकं काढताना हेच शिकले होते, वाचणाऱ्याचा वेळ खायचा नाही. मूळ प्रिंटच्या कोऱ्या बाजूवर पुढच्या पत्रकाचा मसुदा लिहिला. मग ती रद्दीत गेली.

चहाच्या वेळी रक्षकांना गाठलं. "फादर, मूळ ई-मेल मिळाला तर?"

"तर रोमला तिसरं न्यायालय आहे. मूळच हवा मात्र. आपण कायद्याच्या विद्यार्थिनी का?"

"नाही. मी पत्रकं काढते."



तिथून नारायण पेठेतल्या सायबर कॅफेत गेले. ताईचं जुनं खातं मीच उघडून दिलं होतं, पासवर्ड पाठ होता. बरेच महिने न वापरल्याने खातं बंद केलं आहे, असं पडद्यावर आलं. मी पुन्हा टाकला. पुन्हा तेच. मला राग यायला हवा होता. एरवी रोज येतो, रिक्षावाल्यांचा, बिशपांचा, कुणाचाही. त्या दिवशी आला नाही. शेजारचा मुलगा मोठ्याने गेम खेळत होता, त्याचासुद्धा नाही.

घरी ताई मेथी निवडत बसली होती.

"आज काय होतं जेवायला?" दर वर्षी विचारते.

"पुलाव. श्रीखंड."

"चैन आहे बाई वकिलांची. आपलं काही कळलं?"

मी अजून चपला काढल्या नव्हत्या. "विरोधात गेलं," म्हणाले. "पत्र येईल. ताई, तो मेल मी टाइप करून दिला होता, आठवतंय?"

"हो. किती छान केला होतास," ताई म्हणाली. तिच्या हातातली काडी तशीच राहिली.

मग मी तिला मूळ कागदाचं सांगायला सुरुवात केली.